शुक्रवारपर्यंत निकाल बघायचा नाही

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्या कापडाच्या कारखान्यात लूम दुरुस्त करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं त्या इक्बालभाईंना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. पण भिवंडीचे असाल तर कदाचित ओळखतही असाल — ‘अंदाजवाले मिस्त्री’ म्हणून. त्या नावाबद्दलच बोलायचं आहे.

आधी आमचा माळा समजून घ्या. इक्बालभाईंना बॉक्सिंगचं वेड, आणि त्यांच्यामुळे आम्हा सगळ्यांना. जगज्जेतेपदाच्या मोठ्या लढती बऱ्याचदा अमेरिकेत होतात, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी. रविवारी आमचे लूम चालू. लूम चालू असताना शेजारचा माणूस काय बोलतो ते कळत नाही, तिथे टीव्हीवरची घंटा कुठली ऐकू येणार? म्हणून रीत पडली — फाइट बघायची ती शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जुम्म्याची नमाज आटोपल्यावर, कारखान्याच्या माळ्यावर. आणि तोपर्यंत कुणी निकाल बघायचा नाही. अख्खा आठवडा. प्रत्येकाच्या खिशात फोन, आणि तरी कुणी बघत नाही. फाइट शोधून टीव्हीला लावून द्यायचं काम सलमाभाभींचं, इक्बालभाईंच्या बायकोचं. त्यांना बॉक्सिंगशी काही देणंघेणं नाही. त्या निकाल वाचतात, तोंड मिटून घेतात आणि चहा टाकायला जातात.

फाइट लागायच्या आधी प्रत्येकाने आपला अंदाज सांगायचा. पैजबिज काही नाही. कुणाला खेळातलं कळतं आणि कुणाला नाही, एवढाच प्रश्न. एवढाच, म्हणतो मी — पण लूमच्या माणसाला दिवसभर कुणी काही विचारत नाही हो. शुक्रवारी विचारतात.

सुरुवातीला माझे अंदाज सपाटून चुकायचे. मी ज्याचं नाव घेईन तो आडवा. इक्बालभाई हसत म्हणायचे, “मिस्त्री, तुमी बोला, म्हंजे आमाला उलटं सांगायला बरं.” सगळे हसायचे. मीही हसायचो. घरी गेल्यावर मात्र जेवण जात नसे. हसण्यावारी न्यायला हवं होतं ना? मला नाही जमलं. माझा स्वभाव असाच आहे, लागट.

मग एका आठवड्यात मी फोनवर निकाल बघितला. चुकून दिसला — असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. चुकून कसला? कारखान्याच्या मागे मुतारीत उभा राहून, नाव टाईप करून बघितला.

त्या शुक्रवारी मी म्हणालो, “म्हातारा जिंकेल. पोरगा आठव्या राउंडला बसेल.” सगळे हसले. आठव्या राउंडला पोरगा बसला. इक्बालभाईंनी आपल्या हातातला चहा माझ्यापुढे केला. काय सांगू तुम्हाला, तो चहा किती गोड लागला.

त्यानंतर मी थांबलो नाही. आणि नुसता निकाल सांगून भागत नाही, कारणही द्यावं लागतं. तेही मला जमायला लागलं — याचं वजन मागच्या पायावर असतं, त्याचा उजवा हात खाली पडतो. निकाल आधी, कारण मागून. अधूनमधून मुद्दाम एखादा राउंड चुकवायचो, संशय नको म्हणून. आणि टीव्हीसमोर दचकायचं, श्वास रोखायचा, हेही आलंच. खरं सांगू? त्या सगळ्या वर्षांत मी एकही फाइट बघितली नाही. नुसता बसून होतो.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? कुणाचं काय गेलं? मीही तेच म्हणायचो. आता मयुरीबद्दल सांगायला हवं. मघापासून तेच टाळतोय.

मयुरी माझी भाची, दिघाशी गावच्या बहिणीची मुलगी. बॉक्सिंग शिकायला आमच्याकडे राहायला आली होती. तिला या नादाला लावलं ते मीच. शुक्रवारी माळ्यावर घेऊन जायचो. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ती फाइट बघायची, आणि फाइटपेक्षा जास्त माझ्याकडे बघायची. एकदा विचारलंन, “मामा, तुला आधीच कसा रं दिसतं?” मी म्हणालो, नजर असावी लागते.

पुढे ती जिल्हा अजिंक्यपदाच्या फायनलला पोचली. फायनलच्या आधीच्या शुक्रवारी, भरल्या माळ्यावर तिने मला विचारलं — “मामा, माझं काय व्हील?”

बघा, ही फाइट अजून व्हायची होती. तिचा निकाल कुठल्याच फोनमध्ये नव्हता. पहिल्यांदाच मला कुणी खरोखर विचारलं होतं, आणि सांगायला माझ्याकडे काहीही नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. जिंकेल म्हणालो आणि हरली तर? माझं नाव जाणार. हरेल म्हणालो आणि जिंकली तर? आनंदाच्या भरात कोण लक्षात ठेवतंय? एवढा हिशेब मी केला. पोरगी समोर उभी असताना केला. आणि म्हणालो, “या खेपेला न्हाय. तुझ्यात अजून कमी हाय.”

ती मान हलवून खाली गेली.

फायनलमध्ये ती पहिल्या घंटेपासूनच हरलेली होती. हात वर येत नव्हते. मी खुर्चीत बसून बघत होतो आणि मला ठाऊक होतं की समोरची मुलगी तिला हरवत नाहीये. नंतर ग्लोव्हज काढताना ती मला काय म्हणाली असेल? “तू बोललास तसाच झाला, मामा.” राग नाही, काही नाही. आणि माळ्यावर त्या आठवड्यात माझी वाहवा झाली. सख्ख्या भाचीचंही खरं बोलला, म्हणाले, याला म्हणतात नजर. मी ती वाहवा घेतली. मान खाली घालून, दुःखी चेहरा करून — पण घेतली.

मयुरीने बॉक्सिंग सोडलं आणि हायवेवरच्या वडपे गावातल्या गोडाऊनमध्ये खोकी स्कॅन करायच्या ड्युटीला लागली. सणाला भेटायची, पाया पडायची, बॉक्सिंगचं नाव काढायची नाही. मीही काढायचो नाही. असे दिवस जातात. जातात म्हणजे काय, आपण जाऊ देतो.

गेल्या वर्षी बहिणीकडून कळलं की ती पुन्हा खेळायला लागली आहे. ड्युटीच्या आधी सर्व्हिस रोडला धावते, ट्रकच्या रांगेच्या कडेने. मला सांगितलं नव्हतं. का सांगेल? आणि गेल्या आठवड्यात कळलं की ती पुन्हा जिल्ह्याच्या फायनलला आहे.

सुरुवातीला मी म्हणालो ना, कुणालाच सांगितलेलं नाही — ते तेवढं खरं नव्हतं. सवय आहे मला. एका माणसाला सांगितलंय. परवा वडप्याला गेलो. गोडाऊनच्या गेटबाहेर, वडापावच्या गाडीपाशी, तिला सगळं सांगितलं. मुतारी, फोन, राउंड, सगळं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्याचाही मला राग येत होता, कारण रडायचा हक्क तिचा होता.

तिने हातातला वडापाव पुन्हा कागदात गुंडाळला. मग हळूच विचारलंन, “म्हंजे तवा तुला माझ्यात काय कमी दिसला नव्हता?”

“काहीच दिसलं नव्हतं गं. मला काही दिसतच न्हाय.”

तिने खांदे खाली सोडले. इतक्या वर्षांचं ओझं कुणी पाठीवरून उतरवून घ्यावं तसे. मग हसली — माझ्यावर नाही, कुणावरच नाही, नुसती हसली — आणि म्हणाली, “चल, माझी शिफ्ट सुरू व्हील.” माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

आज शुक्रवार आहे. थोड्या वेळाने नमाज सुटेल, माणसं माळ्यावर जमतील. एक मोठी फाइट लागायची आहे, आणि ती लागायच्या आधी मला बोलायचं आहे. इक्बालभाई काय म्हणतील? पुन्हा बसू देतील का? याचा अंदाज मी बांधत नाही. सलमाभाभींना मात्र बहुधा पहिल्यापासून ठाऊक असावं. निकाल त्यांनी वाचलेला असायचा, आणि माझा अंदाज ऐकला की त्या एकदा माझ्याकडे बघायच्या.

फोन घरी ठेवून निघालोय. आजच्या फाइटमध्ये कोण जिंकलं, मला माहीत नाही. आणि रविवारी ठाण्याला मयुरीची फायनल आहे. मी जाणार आहे, मागच्या रांगेत बसणार आहे, पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत बघणार आहे. कोण जिंकेल, तेही मला माहीत नाही.