आजीच्या नावाचे गहू

आमच्या ग्रीक बेटावर नातीला आजीचं नाव ठेवतात. त्यामुळे एकाच घरात दोन चुलत बहिणींचं नाव एकच, काल्लिरोई. जिला नाव आधी मिळालं, आजीचं घर तिचं. ती थोरली, लग्न होऊन मेलबर्नला गेली. आजीचं हागणंमुतणं काढायला राहिली ती धाकटी.

शाळेतले मास्तर धाकटीला म्हणायचे, "जुन्या कथांत काल्लिरोई चार-पाच आहेत गं. एक सागराची लेक, एक राजाची राणी, एकीनं झऱ्याकाठी गळा चिरून घेतला. पण कुणाचीच गोष्ट फार लांब नाही."

"माझी त्याहून आखूड, मास्तर," धाकटी म्हणायची.

आजी गेली. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी थोरली आदल्या दिवशी आली. "घराचं चर्चनंतर बोलू," ती म्हणाली. "तूच राहावंस असं मनात आहे." त्याच दुपारी धाकटीनं अंगणाच्या भिंतीला चुन्याचा हात दिला. नाहीतर भावाच्या घरी तेलाच्या डब्यांच्या खोलीत राहणं होतंच.

मेलेल्याच्या नावाचे गहू चर्चमध्ये वाटतात, प्रत्येक जण त्याच्या नावानं घासभर खातो. ते उकडायला धाकटीनं पातेलं चढवलं. थोरलीनं ते ओढून घेतलं. "दे इकडे. नावाचा हक्क माझा. लोक म्हणतील, सगळं हिनंच केलं."

"केलंय की," मी म्हटलं.

"तू शेजारीण आहेस, शेजारीच राहा."

गहू उकडले की रात्रभर कापडावर पसरून सुकवायचे असतात, नाहीतर आंबतात. थोरलीनं ते निथळून तसेच परातीत भरले, वर साखर थापून क्रूस काढला. मी धाकटीला कोपरानं ढोसलं. ती चुन्यानं भरलेली नखं कोरत बसली.

सकाळी चर्चमध्ये साखर विरघळली होती, वरचा क्रूस खचला होता, आंबूस वास सुटला होता. म्हाताऱ्यांनी मूठमूठ घेतली आणि न खाता रुमालात बांधली.

बाहेर थोरली म्हणाली, "तुला माहीत होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"हक्क तुझा होता ना?"

त्याच आठवड्यात घराला कुलूप लागलं. किल्ली बंदरावरच्या दलालाकडे गेली.

पुढच्या वर्षी मृतांचा शनिवार आला, त्या दिवशी सगळ्याच मेलेल्यांच्या नावानं गहू वाटतात. आदल्या दिवशी धाकटी गहू घेऊन माझ्याकडे आली. भावजय चूल देईना. माझ्या चादरीवर दाणा न् दाणा सुटा होईपर्यंत ती ते हलवत राहिली.

"घर गेलं ते गेलं," ती म्हणाली. "पण चाळिसाव्याला आजीच्या नावानं कुणी घासही खाल्ला नाही. तो मी बुडवला."