हुलग्याचं पातेलं आन् काचेची वात

१९९८ साल. मी एक्केचाळीस वर्षांचा. जिंतूरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसलो, तर थोरला भाऊ, आमचा दादा, खिडकीशी आला. निरोप द्यायला नाही, चारचौघांत ऐकवायला.

"बघा रं, नांगर सोडून ह्यो काचेच्या वाती वळायला चाललाय. बायकांचं काम!"

सगळा स्टँड हसला. मी म्हणालो, "आता तू बोलवशील तवाच तुझा उंबरा चढीन." आई म्हणायची, "तू हट्टी, त्यो हट्टी, म्या मधी मरीन." मेली. मातीला आलो आन् अंगणातूनच परत फिरलो.

गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला अजून वाटतं मी बांगड्या करायचो. आन् पुण्यात गेलेल्यांनो, तुम्ही तर गावाचं नाव विचारलं की 'औरंगाबादकडं' म्हणून मोकळे होता. दोघांनीही ऐका. पुण्याच्या कारखान्यात आम्ही केसाएवढी काचेची तार करायचो. डॉक्टर ती पोटात सरकवतात, तिच्यातून लेसरचा उजेड जातो आन् मुतखड्याचा भुगा होतो. पहिल्या दिवशी मी तारेचं टोक जिभेवर ओलं केलं, दाभणात सुतळी ओवताना करतो तसं. काचेचं कुसळ रुतलं. शेजारच्या बाया लोटपोट हसल्या, मग त्यांनीच शिकवलं. टोक घासायचं, तारेतून लाल उजेड सोडायचा, भिंतीवर ठिपका गोल पडला तर माल पास. ठिपक्याला शेपूट फुटलं की तार फेकायची. बायकांचं काम म्हणे! दादाला त्यातलं एक टोक जमलं नसतं.

यंदा वहिनीचा फोन आला. "भाऊजी, यांना मुतखडा झालाय. किडनी सुजलीय. डॉक्टर लेसर करा म्हणायलेत, आन् हे खडा विरघळंल म्हणून हुलग्याचं कढण पिऊन बसलेत. तुमच्या कामावर यांचा इस्वास न्हाई."

"मग मरू दे," मी म्हणालो. फोन मात्र ठेवला नाही.

मागून दादाचा आवाज आला, "ये म्हणावं त्याला. बघू वातीत दम हाय का!"

बोलावलं म्हणजे बोलावलं. निघालो.

दादाला परभणीच्या दवाखान्यात नेलं, तिथं तारेचं पाकीट दिसलं. ठिपका तपासायला हात पुढं केला, तर डॉक्टर म्हणाले, "काका, बाहेर बसा." बसलो. तार आमच्या कारखान्यातली होती का, माहीत नाही. कोणीतरी ठिपका बघितला असेल ना, एवढंच डोक्यात घुमत होतं. ज्या माणसाचं तोंड बघायचं नव्हतं, त्याच्यासाठी घाम फुटला. लाज वाटली मला.

दादा शुद्धीवर आला. "गेला का खडा?"

"भुगा झाला."

"हुलग्यानं मऊ झाला व्हता म्हणून."

पुण्यात इतकी वर्षं मला कोणी बायक्या म्हणालं नाही. तिथं मला कोणी काहीच म्हणालं नाही. असला मूर्ख जिथं तोंडावर बोलतो, तेवढंच माझं घर उरलंय, दुसरं काही नाही.

सुट्टी मिळाल्यावर त्याला घरी आणलं आन् त्याच्या मागोमाग उंबरा चढलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, तर चुलीवर हुलगे रटरटत होते. पातेलं उचललं, उकिरड्यावर पालथं केलं. दादा बाजेवरून शिव्या घालायला लागला. मी त्याच्या शेजारी बसलो आन् वहिनीला चहा टाकायला सांगितला.