दोन वेळचं झाडणं

“काय न्हाय ओ ताई, उगं शिंका हायत.” दम लागून खांदे वरखाली होत असले तरी ती हेच म्हणायची आणि पदराने नाक दाबून धरायची. शिंकायलाही घरच्यांची परवानगी लागावी, असा तिचा चेहरा व्हायचा.

सोलापुरात छातीच्या डॉक्टरांकडे मी ॲलर्जीच्या चाचण्या करते. हातावर थेंब टाकायचे, सुईने हलकेच टोचायचं आणि कुठे गांध उठते ते बघायचं. तुम्हीही माझ्या जागी बसलात तर हातावरून मुलूख ओळखू लागाल. शहरातल्या यंत्रमागवाल्यांचे हात सुताच्या धुळीला फुगतात, अक्कलकोटकडचे गाजरगवताला. ही दुधनीजवळच्या वस्तीवरची. तिला गाजरगवताची आणि घरातल्या धुळीची, दोन्ही गांधी बंद्या रुपयाएवढ्या उठल्या. ती हसली. “बगा की, बसल्या जागी दोन रुपयं कमावलं.”

डॉक्टरांनी दारातल्या नवऱ्याला सांगितलं, “धूळ टाळायची. घर स्वच्छ ठेवा.” आणि पुढचा पेशंट बोलावला.

पुढच्या खेपेला ती भिंतीला धरत आत आली. काय केलंस, म्हणून विचारलं.

“अत्तीनी दोन डाव झाडायला लावलंय की. डाक्टरनीच सांगितलं न्हवं का.”

अत्ती म्हणजे सासू. त्या बाजूला कानडी आणि मराठी एकाच तोंडात नांदतात. घरात नवरा, दीर, सासू, सगळी धडधाकट, आणि जिला धूळ सोसत नाही तिच्याच हातात केरसुणी. परसातलं गाजरगवतही तीच उपटत होती, तेही उघड्या हातांनी. एवढं करून येताना माझ्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून आणलेली. “लई वाळलाय तुमी. खावा.”

माझं डोकंच फिरलं. नवऱ्याला म्हटलं, “आजपासून घर तुम्ही झाडायचं.”

तो हसला. “गडी माणूस झाडतोय व्हय?”

आत डॉक्टरही हसले. त्या दोन्ही हसण्यांचा मला अजून संताप येतो. मी आवाज चढवला, तर तिनेच माझा हात धरला. “नगा ओरडू ताई. घरी गेल्यावर मलाच ऐकावं लागंल.”

नवरात्राआधी आमच्याकडे घरातलं सगळं बाहेर निघतं. घट बसायच्या आत घर झाडून, धुऊन व्हावं लागतं. साऱ्या घराच्या वाकळा तिने एकटीने झटकल्या. दवाखान्यात आणेपर्यंत ती गेली होती.

उन्हाळ्यात तिचा नवरा पुन्हा आला. बरोबर एक पोरगी आणि तिचा बाप. “लगीन ठरवायच्या आधी हिची टेस्ट करून द्या,” म्हणाला. “पहिलीला दमा हुता. परत फसायला नगं.”

पोरीने निमूट हात पुढे केला. मी थेंबांची पेटी मिटली आणि तिला ऐकू जाईल असं बोलले, “याची पहिली बायको घर झाडून झाडून मेली. याला मी तोंडावर सांगितलं होतं, हा हसला.”

पोरीने हात मागे घेतला.

“आमची धडधाकट हाय ताई, तुमी टोचा,” बाप म्हणाला, आणि त्याने तिचं मनगट धरून हात पुन्हा टेबलावर ठेवला.