बातमीआधी पोचलेला मामा

मी हे लिहायला बसलो आहे, हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. आमच्यात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि पत्रापलीकडं कुणी काही लिहिलेलंही नाही. तेव्हा चुकलं तर माफी असावी. पण ताईच्या बाळंतपणात दाजींना कोकण रेल्वे दाखवायला नेणारा माणूस मीच, आणि गावातले लोक ती गोष्ट फार तिखटमीठ लावून सांगतात. (मीठ मी कमी घालीन. तिखट मुळातच होतं.)

मला आगगाड्या बघायचा नाद आहे. मिरजेच्या कॉलेजात जायला लागल्यापासून तो लागला. तास संपले की मी जंक्शनवर जाऊन उभा राहतो. एका बाजूला मोठी गाडी, दुसऱ्या बाजूला लातूरकडं जाणारी छोटी गाडी, मध्ये मी. आप्पांना म्हणजे माझ्या वडिलांना हे कधी पटलं नाही. "कुनाला सोडायचं न्हाई, कुनाला आनायचं न्हाई, सोता बसायचं न्हाई. मग बगतोस काय?" दुसऱ्या दिवशी तास संपले की मी परत जंक्शनवर.

त्या वर्षी कोकण रेल्वे नवीन होती, आणि पावसाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली होती. दाजी फौजेत. बाळाचं तोंड बघायचं म्हणून त्यांनी मुद्दाम सुट्टी काढलेली. पण बाळ काही येईना. नर्सबाई म्हणाल्या, "अजून आठवडा जाईल." सुट्टी त्याआधीच संपत होती, आणि पुढची वर्षानं. दाजी कडेगावचं आपलं घर सोडून आमच्याच सोप्यात मुक्कामाला आले. दर घटकेला आत डोकावायचे आणि विचारायचे, "काय वाटतंय का?"

शेवटी ताई म्हणाली, "ह्येनी आनि एकदा इचारलं, तर मी कडेगावला जाऊन बाळंत हुईन."

आईनं मला परसात गाठलं. "त्यास्नी कुटंतरी फिरवून आन रं. पोरगी दबून गेलीया."

जगातल्या कुठल्याही मुलानं त्यांना देवाला नेलं असतं. मी म्हणालो, "दाजी, मिरजेतनं घाट उतरून मडगाव, तितनं कोकण रेल्वेनं चिपळूण, चिपळुणातनं येष्टीनं कराड. दोन दिवसांत गोल फिरून घरी."

"एवढ्या पावसात?"

"पावसातच मजा हाय." (हे वाक्य मला पुढं बऱ्याच जणांनी परत ऐकवलं.)

इथं आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. लेक माहेरी बाळंत झाली, की बाळाच्या मामानं साखर घेऊन तिच्या सासरी जायचं आणि बातमी सांगायची. मामा पोचेपर्यंत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. आईनं कारखान्याची साखर नव्या फडक्यात बांधून उतरंडीवर ठेवलीच होती. "परवा येतोच की," म्हणून मी छत्री उचलली.

एसटी गावाबाहेरच्या वळणावर आली, तेव्हा मागच्या काचेतून मला दूध संस्थेतला बापू दिसला. भर पावसात सायकल मारत, एक हात उंच करून हलवत होता. मला भरून आलं. मीही हात हलवला. "बघा दाजी," मी म्हणालो, "गावाला किती माया हाय." दाजींनीही हात हलवला.

घाट उतरेपर्यंत सगळं छान होतं. डोंगरातून धबधबे गाडीवर येत होते. मी दाजींना पुढची दोन इंजिनं, मागून धरून ठेवणारी इंजिनं, उताराला आवाज कसा बदलतो, हे सगळं समजावत होतो. ते मान हलवत होते आणि घड्याळ बघत होते. मडगावला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही कोकण रेल्वेत बसलो. खाडी, पूल, बोगदा, पुन्हा खाडी. बोगद्यात अंधार झाला की दाजींचा आवाज यायचा, "आता काय झालं असंल रं घरी?" उजेड आला की परत घड्याळ. बर्फात पहारा केलेला माणूस, पण बोगद्यागणिक खचत गेला.

मग एका छोट्या स्टेशनावर गाडी थांबली ती थांबलीच. पुढं दरड कोसळली होती.

"कवा निगंल?" दाजींनी स्टेशन मास्तरांना विचारलं.

"दरड काढली की."

"कवा काढतील?"

"पाऊस थांबला की."

दाजींनी आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "गड्या, फौजेत सुट्टी वाढत न्हाई."

ती रात्र आम्ही गाडीतच काढली. समोर एक मालगाडी अडकली होती, तिचं इंजिन मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मी त्याच्याकडं पाठ करून बसलो, यावरून माझी अवस्था समजावी. बाळानं आम्ही परत जाईपर्यंत थांबावं, म्हणून मी मनातल्या मनात सगळे देव पाण्यात ठेवले. (पाण्याला तोटा नव्हता.) सकाळी एक बाई डब्याडब्यात आमसुलं विकत आली. काहीतरी करायचं म्हणून मी आईसाठी पिशवीभर घेतली.

दरड निघाली, आणि दुपारी चिपळूणला उतरल्यावर आधी एसटीडी बूथ गाठला. गावात फोन एकच, दूध संस्थेत. बापूनंच उचलला.

"बापू, घरी कसं हाय?"

"तू कुटं हायस?"

"चिपळुनात. ताईचं काय?"

पलीकडं नुसती खरखर. मग बापू म्हणाला, "तुमी आदी या."

"आरं, झालं काय?"

"फोनवर सांगन्यासारखं न्हाई. तुमी या." आणि फोन ठेवला.

आमच्याकडं 'फोनवर सांगण्यासारखं नाही' याचा अर्थ एकच असतो. मी दाजींना सांगितलं, "सगळं बरं हाय म्हनला." त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि एसटी स्टँडची वाट धरली. गाडी कुंभार्ली घाट चढायला लागली. एसटीच्या टपातून दाजींच्या मांडीवर पाणी ठिबकत होतं. त्यांनी जागासुद्धा बदलली नाही.

कराडवरून गावाला जाताना कडेगाव वाटेतच. दाजींची ट्रंक आणि वर्दी तिथं होती, ती घ्यायला दोन मिनिटं उतरायचं ठरलं. आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडायच्या आत दाजींच्या आईनं आम्हांला बघितलं. ताईचा भाऊ, म्हणजे मामा. मामाच्या हातात पिशवी.

"आवं, सून बाळंत झाली! मामा आला साकर घेऊन!"

मी तोंड उघडेपर्यंत माझ्या पायांवर पाणी पडलं होतं. शेजारपाजारचे जमले. कुणीतरी हलगीवाल्याला बोलवायला पळालं. मावशींनी, म्हणजे दाजींच्या आईनं, पिशवीत हात घातला, मूठ भरली, देवाचं नाव घेतलं आणि न बघताच तोंडात टाकली. आमसुलं! त्यांचा एक डोळा मिटला तो बराच वेळ उघडला नाही.

"मावशी, ती साकर न्हवं," मी म्हणालो.

"मग साकर कुटं हाय?"

"घरात."

"ऱ्हाऊ दे. काय झालं, लेक का ल्योक?"

"ठावं न्हाई."

हलगीवाला आला होता, त्यानं हलगी काखेत घातली. मावशींनी दुसरा डोळाही मिटला आणि उघडला. "मामा हायेस न्हवं तू?"

नंतर जे झालं ते असं, की दाजी, त्यांची ट्रंक, मावशी, दाजींच्या दोन चुलत्या आणि मी एका ट्रॅक्स जीपमध्ये बसून आमच्या गावाला निघालो. मावशी सबंध वाट चुलत्यांना आमसुलांची चव सांगत होत्या. मला मात्र बापूचा आवाज ऐकू येत होता.

दारात आई वाटी घेऊन उभी होती. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. दाजींच्या तोंडात चिमूटभर साखर घातली आणि मगच म्हणाली, "लेक झाली. दोगीबी बऱ्या हायती." दाजी उंबऱ्यावरच खाली बसले. फौजेतला माणूस, पण आईनं पोर मांडीवर दिली तेव्हा कशी धरायची ते तिलाच विचारत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची गाडी होती. तोवर त्यांनी तिला खाली ठेवलं नाही.

"बापू फोनवर सांगत का न्हवता?" मी आईला विचारलं.

"मीच बजावलं हुतं. बापाच्या तोंडात साकर पडल्याबिगर सांगायचं न्हाई म्हनून."

"पर झाली कवा?"

"तुमी गेलासा त्याच दिशी. तुमची पाट फिरली आन् हिला कळा सुरू झाल्या. बापूला सायकलवर पिटाळला तुमास्नी थांबवायला."

बापू सायकल घेऊन दारातच उभा होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कॉलेजातला गडी, खूण समजंल म्हनलं. ह्यो आन् दाजी, दोगंबी हात हालवत गेलं."

बातमी पोचवायचं काम माझं होतं. ती भर पावसात सायकलवरून माझ्या मागं धावत आली होती, आणि मी तिला टाटा करून कोकण बघायला गेलो होतो.