स्टीलच्या पट्टीखालचा हात

दिवाळी होऊन धान कापणीला आलं होतं, तेव्हाची गोष्ट. भंडाऱ्यात वैनगंगेच्या बाजूच्या एका सभागृहात आमचं वरच्या पातळीचं प्रशिक्षण ठेवलं होतं. आम्ही बाराजण फिजिओथेरपिस्ट. कोणी गोंदियाहून आलेलं, कोणी तुमसरहून, कोणी पवनीहून. स्टीलच्या वाकड्या, गुळगुळीत पट्ट्या अंगावरून फिरवून आखडलेला स्नायू मोकळा करायचा, हे काम आम्ही सगळेच करत होतो. मी पहिलं प्रशिक्षण नागपूरला घेतलं होतं, आणि इथे भंडाऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात पट्टीला मागणीही चांगली होती. पाठीवर लाल वळ उठले की लोकांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटे. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटे.

शिकवायला पुण्याच्या एक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या. पहिल्याच सकाळी त्यांनी प्रत्येकापुढे कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला. आपल्या डोक्याचा एक केस काढून कागदाखाली ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि वरून पट्टी फिरवून केस कुठे आहे ते सांगायचं. सापडला की आणखी एक कागद वाढवायचा.

माझ्या शेजारचा गोंदियाचा मुलगा, नुकताच शिकून बाहेर पडलेला, सहा कागदांपर्यंत गेला. मला तिसऱ्या कागदाखाली काही लागेना. मी दाबलं, आणखी दाबलं. कागद फाटला.

बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "किती वर्षं प्रॅक्टिस?"

"अकरा."

"तुम्ही शोधत नाही आहात, खरवडताय," त्या म्हणाल्या, अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं.

दुपारी सगळे गच्चीवर जेवायला गेले. मी खालीच बसून राहिले. खिडकीतून नदीवरची उन्हं छतावर येऊन हलत होती. त्यांच्याकडे पाहता पाहता मला माझ्या हाताखालून गेलेल्या पाठी आठवायला लागल्या. किती जणींच्या खांद्यांवर मी नुसतेच वळ उठवले असतील?

दोन दिवसांचं पहिलं सत्र संपलं, तेव्हा बाईंनी सांगितलं की महिन्याभरानं दुसरं सत्र होईल. मधल्या काळात एकच पेशंट निवडा, त्याच्यावर काम करा, आणि येताना त्याला सोबत आणा.

मी निवडले एक काकाजी. सत्तरीला टेकलेले, शहरातच राहणारे, जन्मभर पितळी भांडी ठोकण्याचं काम केलेले. पावसाळ्यात सायकलवरून पडून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण भीतीपोटी त्यांनी हात हलवलाच नव्हता. आता तळवा खाली व्हायचा, वर होत नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले.

"ओंजळ नाही होत, बाई. तोंड धुवाले बसलो का सारं पाणी धोतरावर."

मी त्यांचा हात उशीवर घेतला, तेल लावलं आणि पट्टी टेकवली. दोनदा फिरवली असेल नसेल, त्यांनी हात मागे घेतला.

"दुखलं का?"

"दुखलं नाही. तुमची पट्टी लागून राहिली. काठाले खरड हाय."

"नवीन आहे, काकाजी. चांगल्या स्टीलची आहे."

"आणा इकडे." त्यांनी पट्टी डाव्या हातात घेतली, डोळे मिटले आणि काठावरून अंगठा नेला. मध्यावर येऊन अंगठा थांबला. "हे पाहा. पडली होती काय कधी?"

पडली होती. महिन्यापूर्वी, फरशीवर. मी उचलून पुसून ठेवली होती. त्या जागी मी माझा अंगठा नेला, मला काहीच कळलं नाही.

"डोळे मिटा ना," ते म्हणाले. "डोळे नुसती चमक पाह्यतात."

मी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं, वाळूच्या एका कणाएवढं काहीतरी हाताला लागलं.

दुसऱ्या दिवशी ते घरून बारीक पॉलिश पेपर आणि कापडाची चिंधी घेऊन आले. बाकावर बसून, डाव्या हातानं, तासभर ती पट्टी घासत राहिले. उजवा हात नुसता तिला आधार द्यायला होता. त्या दिवशी मी उपचार केलाच नाही. त्यांच्याकडे पाहत बसले. घासून झाल्यावर मी पट्टी उकळून, पुसून घेतली आणि नेहमीसारखी मुठीत धरली. तेव्हा ते हसले.

"हतोडी अशी धराची नसते, बाई. हातात राहू द्याची असते. तिचं वजन तिले माहीत हाय."

मग आमच्या दुपारी सुरू झाल्या. एक दिवसाआड, तीन वाजता, गर्दी नसताना. मी मूठ सैल ठेवायला शिकत होते. ती पुन्हा पुन्हा घट्ट व्हायची. माझीच बोटं मला परक्या बाईची वाटायची.

अशाच एका दुपारी वीज गेली. पंखा मंद होत होत थांबला. रस्त्यावरचे ऑटोही कुठे गेले कोण जाणे, एकदम सगळं शांत झालं. पडद्यातून पिवळट उजेड येत होता आणि कोणाच्या तरी घरी नव्या तांदळाचा भात शिजत असल्याचा वास. मी डोळे मिटले होते. पट्टी कोपरापासून मनगटाकडे आपल्या वजनानं उतरत होती, आणि तिच्याखाली प्रथमच मला हात कळायला लागला. आधी मऊ, मग किंचित जड, मग एका जागी बारीक चरचर, ओल्या रेतीवरून पाय ओढावा तशी. मी तिथे थांबले. दाबलं नाही. परत आले, परत गेले. ती चरचर थोडी पातळ होई, पुन्हा दाटून येई. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी दवाखान्यात होते आणि नव्हतेही. आपण कोणाचं काही बरं करतो आहोत, हा विचारही त्या वेळात मनात नव्हता.

डोळे उघडले तेव्हा काकाजी झोपले होते. तोंड थोडं उघडं, चेहरा सुटलेला. आणि उशीवरचा त्यांचा उजवा हात झोपेत काम करत होता. बोटं किंचित वळत, मनगट उचललं जाई, पडे. उचललं जाई, पडे. मी पाहत राहिले. भांडं दिसत नव्हतं, पण ते अर्धवट झालेलं असावं असं मला वाटलं, म्हणून मी त्यांना उठवलं नाही. पंखा सुरू झाला तेव्हा ते आपणच जागे झाले.

"लय दूर गेलो होतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या सत्राला मी त्यांना ऑटोतून घेऊन गेले. स्वच्छ सदरा, डोक्याला तेल, लग्नाला निघाल्यासारखे. बाईंनी त्यांना नमस्कार केला, मला काम करायला सांगितलं आणि मध्येच माझ्या हातातून पट्टी घेतली. काठावर बोट नेलं.

"ही कोणी घासली?"

मी खरं ते सांगितलं.

"असं करायचं नसतं," त्या म्हणाल्या. "काठाचा कोन ठरलेला असतो. पट्टी खराब झाली तर बदलायची. पेशंटच्या हातात अवजार देतात का कोणी?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. काकाजी टेबलावरून अर्धे उठले. "माह्यं चुकलं, बाई. हिले नका बोलू."

बाईंनी मग तीच पट्टी स्वतःच्या हातावर फिरवून पाहिली. एकदा, दोनदा, डोळे मिटून. पट्टी मला परत देताना मात्र त्यांचा आवाज खाली आला होता. "तरीही बदला," त्या म्हणाल्या. "पण मूठ आता बरी आहे तुमची."

मग त्यांनी काकाजींचं मनगट धरून हळूच वळवलं. तळवा अर्ध्याहून थोडा पुढे आला आणि थांबला. त्यांनी मला बाजूला नेलं. पुढे जे अडतंय ते हाड आहे, म्हणाल्या, थोडं तिरपं जुळलेलं. तिथे पट्टी पोचत नाही. आणि हे त्यांना तुम्हीच सांगायचं.

जेवणाच्या सुट्टीत मी सांगितलं. गच्चीच्या कठड्याशी आम्ही दोघं उभे होतो. खाली नदी इतकी संथ होती की वाहते आहे हे समजून घ्यावं लागत होतं.

"म्हणजे येवढंच काय?"

"एवढंच, काकाजी. व्यायामानं थोडं सैल होईल. पूर्ण नाही."

त्यांनी तळवा जाईल तिथवर वळवून पाहिला. मला रडू येईलसं वाटत होतं. अकरा वर्षांत असं कोणाला सांगताना आलं नव्हतं. मग त्यांनी गच्चीवरचा नळ सोडला आणि दोन्ही हात पुढे केले. ओंजळ एका बाजूनं कलंडली, पाणी अर्धं गळून गेलं. उरलेलं त्यांनी तोंडावर मारलं.

"अर्धी झाली ना," ओल्या तोंडानंच म्हणाले. "मंग दोनदा घेऊ. तुमी काहून रडून राहिल्या?"

प्रशिक्षण संपलं. मी नवी पट्टी मागवली. आता दिवसाला थोडेच पेशंट घेते. वळ दिसले नाहीत म्हणून काही जण दुसरीकडे गेले, त्याचं फार वाटत नाही. काकाजींचा उपचार कधीच संपला आहे. तरी ते मंगळवारी येतात, बाकावर बसतात, आल्या-गेल्याशी बोलतात.

परवा लाखांदूरकडची एक म्हातारी आली होती, धानाच्या रोवण्या करून करून खांदा धरलेली. मी पट्टी काढली तशी ती टेबलावर आक्रसून बसली.

"यानं कापतेत काय गा?" तिनं पडद्यापलीकडे बसलेल्या काकाजींनाच विचारलं.

"नाही व, बाई. निजून जा आरामात."

"निजून कशी जाऊ? मले चारची बस पकडाची हाय."

मी घड्याळ पाहिलं. दोनच वाजले होते. पुष्कळ वेळ होता. तसं सांगितलं, तेव्हा तिनं पदर बाजूला केला आणि खांदा माझ्याकडे दिला.