बाणांवर नाचणारे बाबा

माझं लग्न ठरलं तेव्हा हॉल, दागिने, मानपान ही सगळी बोलणी आईने केली. बाबांच्या वाट्याला एकच गोष्ट आली आणि नेमकी तीच त्यांना झेपणारी नव्हती. त्यांना नाचायचं होतं.

त्याचं असं झालं. माझं सासर वसईच्या समुद्राकडचं, केळीच्या नि फुलांच्या वाड्या असलेलं. आम्ही विरार पूर्वेला चंदनसारच्या फ्लॅटमधले, मूळचे चिपळूणकडचे. साखरपुड्याला माझे होणारे सासरे पेढा तोंडात टाकता टाकता म्हणाले, "आमच्याकडे वरात निघायच्या आधी दोन्ही व्याही बँडपुढे नाचतात. ते झाल्याशिवाय नवरी निघत नाही." मग मोठ्या सुनेकडे बोट दाखवून हसले. "हिच्या वडिलांनी गुडघा दुखतोय म्हणून खुर्चीच सोडली नाही. अजून विषय निघतो आमच्यात." मोठ्या जाऊबाई हसल्या, पण जरा उशिरा. बाबांनी ते बरोबर टिपलं.

आमचे बाबा मुंबईच्या एका कचेरीत हेडक्लार्क. गणपतीत आरतीला त्यांच्या हाती झांज द्यायची नाही असा घरात अलिखित नियम होता, कारण सगळे एका तालात असताना बाबा कुठेतरी स्वतंत्रपणे जायचे. कोकणातले असून जाखडीच्या नाचात कधी पाय टाकलेला नाही. घरी आल्यावर ते मला म्हणाले, "मी नाचलो नाही तर तुला ऐकवतील."

"बाबा, ते ऐकवत नाहीत हो, चेष्टा करतात."

"जन्मभर केली की तेच होतं," ते म्हणाले आणि शर्ट बदलायला गेले.

माझ्याकडे तेव्हा एक व्हिडिओ गेम होता. मस्कतच्या आत्याची मुलं मोठी झाली तेव्हा तिने तो आमच्याकडे आणून टाकला होता. त्यातला मी एकच खेळ खेळायची, नाचाचा. जमिनीवर प्लॅस्टिकची मॅट पसरायची, तिच्यावर चार दिशांना चार बाण. गाणं लागलं की टीव्हीवर खालून बाण वर सरकत येतात. जो बाण वरच्या खुणेला लागेल, मॅटवरच्या त्याच बाणावर त्याच क्षणी पाय ठेवायचा. चुका वाढल्या की टीव्हीतले प्रेक्षक हुर्यो उडवतात आणि गाणं मध्येच बंद पडतं. बाबांनी या खेळाला कायम धिंगाणा म्हटलं होतं. त्या रविवारी मात्र पेपर बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "ह्यात शिकवतात का?"

मी हसले नाही, याचं श्रेय मला कोणीतरी द्यायला हवं. मॅट गुळगुळीत लादीवर सरकायची म्हणून आईने तिच्या कोपऱ्यांवर तांदळाचे नि गव्हाचे डबे आणून ठेवले. बाबांनी पायमोजे काढले, लेंगा वर खोचला आणि साहेबाच्या केबिनमध्ये बोलावल्यासारखे ताठ उभे राहिले. बाण आला की ते आधी तो नीट वाचत, मग पाय उचलत. तोवर मागचे बाणही निघून गेलेले असत. "ह्यांना जरा थांबायला सांग," ते मला म्हणाले.

हळूहळू त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. एका बाणावर पाय ठेवायचा, लगेच मध्ये परत यायचं. "डावा, मध्ये. उजवा, मध्ये," असं पुटपुटत ते नाचायचे. मान हलायची नाही, हात हलायचे नाहीत. नजर टीव्हीवर खिळलेली.

एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. मसाले करायचे दिवस होते. "वहिनी, मसाला कुटताय का? सारखं धबधब ऐकू येतंय." नवरा नाचतोय हे सांगायला आईची जीभ रेटेना. ती "हो" म्हणाली. बाबा आतल्या खोलीत एका पायावर उभे होते, दुसरा टेकवला तर आवाज होईल म्हणून. काकू खाली गेल्या आणि मिरच्यांची पिशवी घेऊनच परत आल्या. "मग आमच्याही कुटून ठेवा." आईने ती पिशवी पदराखाली लपवून कांडपाच्या गिरणीवर नेली आणि मसाला करून आणला. काकूंनी तो अख्ख्या बिल्डिंगला दाखवला. घरी कुटलेल्या मसाल्याची चवच वेगळी, म्हणाल्या. मग बाकीच्या मजल्यांवरूनही पिशव्या यायला लागल्या. बाबांच्या नाचापायी आई त्या महिन्यात गिरणीवाल्याची कायमची गिऱ्हाईक झाली, आणि हे ती अजून ऐकवते.

लग्नाच्या आठवड्यात बाबांनी एक गाणं शेवटपर्यंत पूर्ण केलं. टीव्हीवर मार्क यायला लागले आणि नेमके दिवे गेले. लोडशेडिंगची वेळ झाली होती. दिवे आल्यावर त्यांनी ते गाणं पुन्हा पहिल्यापासून केलं, पण ते मार्क काही परत मिळाले नाहीत.

लग्न लागलं, जेवणं उरकली. हॉलच्या फाटकाशी मला फुलांच्या गाडीत बसवलं आणि बँड समोर उभा राहिला. सासऱ्यांनी बाबांचा हात धरून त्यांना मध्ये आणलं. बाबांनी काय करावं? आधी बूट काढले, मग पायमोजे काढून बुटांत घातले. मॅटवर अनवाणीच जायचं असतं ना. मग एक जागा पसंत करून ते उभे राहिले. घरी टीव्ही जेवढ्या उंचीवर होता तेवढ्या उंचीवर इथे ढोलवाल्याचं पोट होतं. बाबांनी नजर तिथे रोखली आणि नाच सुरू केला. डावा, मध्ये. उजवा, मध्ये. ढोलवाला अवघडून मागे सरकला, तरी बाबा आपल्या चौकोनाबाहेर गेले नाहीत.

लोक हसले, खोटं कशाला बोलू. सासरे तर पोट धरून हसले. पण हसता हसता त्यांनीही बूट काढले आणि बाबांच्या शेजारी तसाच नाच सुरू केला. मग त्यांचे भाऊ आले, पुतणे आले, आणि सगळी रांग डावा-मध्ये-उजवा-मध्ये करायला लागली. गाणं संपलं तेव्हा सासऱ्यांनी बाबांना मिठी मारली. "व्याही, मान राखलात," ते म्हणाले. मोठ्या जाऊबाई टाळ्या वाजवत होत्या. मला ऐकवायला आता कोणाकडे काही उरलं नव्हतं.

बँडवाले गाडीच्या पुढे जायला वळले. बाबा बँडमास्तरला म्हणाले, "अजून एक वाजवा." ते झालं. बाबा म्हणाले, "अजून एक." सासरे दमून बाजूला उभे राहिले, भाऊ-पुतणे पाणी प्यायला गेले. बाबा एकटेच नाचत होते, आणि एव्हाना ढोलवाल्याच्या पोटाकडे बघत नव्हते, गाडीकडे बघत होते.

आई त्यांच्याजवळ गेली. "अहो, पुरे आता. किती नाचाल?"

"मी थांबलो की ती निघेल," बाबा म्हणाले.

सासऱ्यांनी ते ऐकलं. घाम पुसायचा रुमाल खिशात ठेवून ते पुन्हा बाबांच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि बँडमास्तरला म्हणाले, "वाजव."