न हलणारा आकडा

कडेगावच्या रस्त्याला आमचा वजनकाटा आहे. लोखंडी प्लॅटफॉर्मवर ट्रॅक्टर-ट्रॉली चढवायची, शेजारच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरवर वजन येतं, पावती निघते. कारखान्याला ऊस घालायला निघालेला माणूस आधी आमच्याकडे वळतो, कारण कारखान्याच्या काट्यावर डोळे झाकून भरवसा ठेवणारा आमच्या भागात अजून जन्मायचाय. विश्वास पानिपतात गेला म्हणतात, तो आमच्याकडून गेला असावा. थोडक्यात, आमचं पोट लोकांच्या संशयावर चालतं, आणि त्या धंद्याला मी अगदी लायक बाई आहे. माझी सासू म्हणायची, ‘हिला देवानं प्रसाद दिला तरी ही आधी हुंगून बघंल.’

नवरा फौजेतून रिटायर झाला तो हवालदार म्हणून, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. गाव त्यांना मेजर म्हणतं, मीही इथं तेच म्हणते. कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली. मेजर बाहेर उभे राहून गाडी नीट चढवून घेतात, मी आत कॉम्प्युटरवर बसते. ड्रायव्हर लोकांच्या एकेक खोड्या असतात. कोणी मागं लोंबकळत राहतं, कोणी एक चाक हळूच काठाबाहेर ठेवतं. ट्रॅक्टर सुरू असला तरी आकडा थरथरतो. म्हणून या धंद्यात पहिली गोष्ट शिकायची ती ही, की हलणारा आकडा घ्यायचा नाही. तो ठरू द्यायचा, जरा वाट बघायची, मग बटण दाबायचं. ठरला तो खरा.

गेल्या हंगामात कॉम्प्युटरवर रोज सूचना येऊ लागली की तुमची सिस्टीम जुनी झाली, नवी घ्या. मी रोज ती बंद करायची. चालतंय ते चालू द्यावं, या मताची मी. मेजरांचं उलट. वरून आदेश आला की तो पाळायचा. एका दुपारी मी घरी धुणं वाळत घालायला आले, तर मागं त्यांनी केबिनचं दार लावून अपग्रेड करून टाकलं. धूळ आत येऊ नये म्हणून दार लावलं, असं ते म्हणाले.

पहिल्यांदा प्रिंटर रुसला. तो काढून परत जोडल्यावर चालला. मग मराठी कीबोर्ड गायब झाला, तो सेटिंगमध्ये सापडला. वजनाचा प्रोग्रॅम एकदम उघडेना, पण कॉम्प्युटर बंद करून चालू केल्यावर तोही उघडला. मला वाटलं, सुटलो.

मग एक दिवस एक दूधवाले भाऊ तावातावानं केबिनच्या खिडकीशी आले. त्यांनी मेजरांच्या एका फौजेतल्या दोस्ताकडून मक्याचा चारा घेतला होता. वजन आमच्याच काट्यावर झालं होतं आणि व्यवहार आमच्या पावतीवर.

‘आवं वैनी,’ ते म्हणाले, ‘एवढा चारा त्या ट्रॉलीत मावतोय तरी का? का खाली दगडं भरली हुती?’

मी पावती बघितली. आमचीच. वजन खरंच अचाट होतं. ओला चारा जड असतो, असं काहीतरी सांगून मी त्यांना वाटेला लावलं, पण माझ्या मनात पाल चुकचुकली. चारा मोजला त्या दिवशी मेजर आणि तो दोस्त काट्याजवळ उभे राहून किती वेळ हसत चहा पीत होते! आणि ती अपग्रेडची दुपार, ते लावलेलं दार. धूळ काय, आमच्याकडे धूळ बारमाही असते. त्या आधी कधी दार लावलं होतं?

मी कोणाला काही बोलले नाही. कॉम्प्युटरचा पासवर्ड तेवढा बदलला. मेजरांच्या ते ध्यानात आलं, कारण दुसऱ्या दिवशी माझ्याआधी केबिन उघडून ते बसले होते आणि स्क्रीन तशीच बंद होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पासवर्ड टाकला. एक शब्द बोलले नाहीत. माझा संशय पक्का झाला. निर्दोष माणूस विचारेल की नाही, ‘का गं बदललास?’

मग मी एक युक्ती काढली. आमच्या जुन्या जीपचं वजन मला तोंडपाठ आहे. काटा रिकामा दिसला की मी खिडकीतून ओरडायची, ‘आवं, जरा जीप चढवा.’ प्रोग्रॅममध्ये काही घुसडलेलं असेल तर जीपवर कळेल, असा माझा हिशेब. मेजर जीप चढवायचे, उतरवायचे. आकडा बरोबर यायचा. त्यांनी एकदाही विचारलं नाही की ही रोज जीप कशाला वजन करते. हेही मी त्यांच्याच खात्यावर मांडलं.

तेवढ्यात माझ्या भावाचं लचांड झालं. भावाचा ऊस आमच्या काट्यावर वजन करून कारखान्यात गेला आणि तिथं वजन बरंच कमी भरलं. भाऊ पडला माझाच भाऊ. आमची पावती नाचवत त्यानं तिथं सगळ्यांसमोर दंगा केला, ‘काटा मारला, काटा मारला.’ संध्याकाळी मला फोन करून म्हणाला, ‘ताई, तुजा काटा देवासारखा. म्या सांगितलं त्येंना, माजी भन काट्यावर बसती.’ मला अभिमान वाटला. मेजर शेजारीच बसले होते. ते उठून बाहेर गेले.

त्यानंतर ते सारखे केबिनमध्ये येऊ लागले. कधी पाणी प्यायला, कधी टॉर्च शोधायला भरदुपारी. येऊन माझ्या मागं उभे राहायचे, स्क्रीनकडे बघायचे. मी मनात म्हणायची, बघा, चोराच्या मनात चांदणं. आमच्यात भांडण नव्हतं. मी जेवायला वाढत होते, ते जेवत होते. पण एवढ्या वर्षांच्या संसारात ताटात पडलेली आमटी इतकी गप्प कधी नव्हती.

आणि मग एका दुपारी उसाची एक भरलेली ट्रॉली उतरून गेली, आणि सवयीनं मी ओरडले, ‘जीप चढवा.’ मेजरांनी चढवली. स्क्रीनवर उसाच्या ट्रॉलीचं वजन. मला वाटलं, आता सापडले! मी आकडा ठरायची वाट बघू लागले, तर तो ठरलेलाच होता. जीप थरथरत होती आणि आकडा ढिम्म. मेजर जीपमधून उतरले, आकडा तोच. चालत प्लॅटफॉर्मच्या बाहेर गेले, तरी तोच. एवढा ठाम आकडा मी आयुष्यात बघितला नव्हता. स्वतःच्या जीपचं वजन वाढवून हा माणूस कोणाला फसवेल?

‘आवं, आत या,’ मी म्हटलं.

ते आले. स्क्रीन बघितली, जीप बघितली. टेबलावर काट्याचं मूळ यंत्र असतं, लाल आकडे दाखवणारा एक डबा. तोच पुढं वायरीनं कॉम्प्युटरला वजन पाठवतो. धूळ बसू नये म्हणून मी त्यावर स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल घातलेला. घरात टीव्हीवर घालतो, तसाच. मेजरांनी रुमाल उचलला. डब्यावर जीपचं वजन, किलोला किलो बरोबर. काखेतला कळसा रुमालाखाली झाकून मी एवढे दिवस गावाला वळसा घालत होते.

प्रोग्रॅम विकणाऱ्या सांगलीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, स्क्रीनवर एक कोड येईल, तो मला सांगा, मी इथूनच बघतो.

मेजरांनी फोन कानापासून लांब धरला. ‘कोड मागतोय,’ ते मला हळूच म्हणाले.

‘द्यायचा न्हाई,’ मी म्हटलं. रोज पेपरात वाचतोच की आपण.

ते फोनवर म्हणाले, ‘आमी समक्ष येतो.’ त्या दिवसांतलं आमचं पहिलं एकमत ते.

कॉम्प्युटर, डबा, वायरी असं सगळं जीपमध्ये घालून सांगली गाठली. मांडीवर डबा घेऊन मी शेजारी बसले होते आणि वाटेत दोघंही त्या माणसाबद्दल वाईटसाईट बोलत होतो. माणूस मात्र खरा निघाला. त्यानं दाखवलं की डब्याची जुनी वायर नव्या सिस्टीमला धड पटत नाही. शिवाय अपग्रेड झाल्यावर वीज वाचवायची एक सेटिंग आपोआप चालू झाली होती, त्यामुळं ते कनेक्शन मधेच झोपायचं आणि मधेच जागं व्हायचं. झोपलं की प्रोग्रॅम शेवटचा आकडा तसाच धरून ठेवायचा. पुढच्या गाडीला मागच्या गाडीचं वजन. त्यानं सेटिंग बंद केली, नवी वायर दिली. मी पुन्हा पुन्हा विचारलं, अजून काही झोपणार नाही ना?

परत येऊन सगळं जोडलं. जीप चढवली, उतरवली, आकडा नीट थरथरला, नीट ठरला. मेजरांनी दूधवाल्या भाऊंना आणि दोस्ताला फोन करून पावती चुकल्याचं सांगितलं. मी भावाला सांगितलं. कारखान्यात जाऊन आता काय तोंड दाखवू, म्हणून तो माझ्यावरच ओरडला. ते त्याचं बरोबर होतं.

फोन ठेवला तेव्हा मेजर दारात उभे होते. चेहरा एवढा सैल मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

‘म्हंजे भावासाठी तू काय केलं न्हवतंस,’ ते म्हणाले.

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि डोक्यात तिडीक गेली. पासवर्ड मी बदलला, भावाच्या ट्रॉलीचं वजन वाढलं, आणि मी रोज जीप चढवून काहीतरी जुळवत बसते. त्यांच्या बाजूनं सगळं चोख जुळत होतं. ते गुपचूप कारखान्यात जाऊन भावाच्या वजनाची चौकशीसुद्धा करून आले होते.

‘माज्यावर संशय?’ मी म्हटलं. ‘एवढं मनात हुतं तर इचारलं का न्हाई मला?’

ते खाली बघत म्हणाले, ‘इचारलं असतं, आन तू व्हय म्हनली असतीस तर?’

दोस्त, चहा, लावलेलं दार, सगळं त्यांच्या तोंडावर फेकायला माझ्याजवळ तयार होतं. पण इतके दिवस मीही विचारलं नव्हतं, आणि का विचारलं नव्हतं ते मला तेव्हाच कळलं. मलाही तीच भीती होती. लाज वाटली, आणि या माणसाची मला एकदम माया आली.

बाहेर ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. परत दिला. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.